आधी विचारायचं, घर कुणाचं

९ जानेवारी

चि. खिट्टीस,

आत्याचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचललं नाही तरी दाराखालून आत सरकतं, एवढा त्याचा फायदा.

दादा गेला तेव्हा तू आलास, दोन दिवस राहिलास, दुकान विकून टाकू म्हणालास. मी नाही म्हटलं आणि तू तोंड फुगवून निघून गेलास. ते भांडण मी आज उकरून काढत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, की तो तुझा बाप होता तसा माझा भाऊही होता, आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी तीस वर्षं किल्ल्या घासल्या आहेत.

आता कामाचं. आपल्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, 'दारापाशी', ते डोमेन दादाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. दरवर्षी या सुमारास त्याचं नूतनीकरण करायचं असतं, आणि त्याची आठवण येते दादाच्या ईमेलवर. ईमेलला पासवर्ड. पासवर्ड दादाच्या डोक्यात. गावभरची कुलपं उघडणारी मी, आणि सख्ख्या भावाच्या टपालपेटीसमोर हात बांधून उभी आहे. नोंदणी कचेरीत फोन केला तर म्हणतात, नूतनीकरण खातेदाराने करावं, तो नसेल तर वारसाने तसं लिहून द्यावं. वारस तू.

शेजारची झेरॉक्सवाली म्हणाली, "मावशी, पाच मिनिटांत उघडून देते. बापाचा पासवर्ड म्हणजे पोराचं नाव आणि जन्मसाल, दुसरं काय असणार!" असेलही. मला स्वतःलाच तीन अंदाज सुचले होते. पण मी नको म्हटलं. आपला रिवाज तुला सांगायला नको. कुलपाला हात लावण्याआधी विचारायचं, घर कुणाचं. आणि मालक हयात नसेल, तर वारस दारात उभा राहिल्याशिवाय कुलपात वाकड्या तारेचा आकडा घालायचा नाही. ती म्हणाली, "अहो, ईमेल आहे तो, तिजोरी नाही." मी म्हटलं, कुलूप ते कुलूप.

तेव्हा दोन ओळी लिहून पाठव, की आत्याला उघडू द्या. खाली सही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

जेवतोस ना वेळेवर?

आत्या


२१ फेब्रुवारी

खिट्टी,

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. नाव गेलं.

मुदत संपली, सवलतीचे दिवस संपले, नाव मोकळं सुटलं आणि कोणीतरी उचललं. झेरॉक्सवालीने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. वर आपलंच 'दारापाशी', आपल्याच दुकानाच्या निळ्या दरवाज्याचं चित्र, आणि खाली भलताच फोन नंबर. "पंधरा मिनिटांत हजर." कोण हजर? मी तर इथे बसले आहे!

तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण परवा शाळेच्या बाई दुकानात आल्या त्या भांडतच. त्यांच्या हातून लॅच ओढला गेला, किल्ली आत. त्यांनी विश्वासाने 'दारापाशी'ला फोन लावला. गाडीतून दोघे उतरले, एक अक्षर विचारलं नाही, थेट ड्रिल लावलं, तीस वर्षं टिकलेल्या चांगल्या कुलपाची चाळणी करून ठेवली, हातावर मोठं बिल ठेवलं आणि दार तसंच हलतं सोडून निघून गेले. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या भावाने माझ्या आईचं कपाट उघडताना आधी तीन प्रश्न विचारले होते. ते कपाट कुणाचं, त्या कुठे आहेत, तुम्ही त्यांच्या कोण. आणि तुमच्या माणसांनी मला माझं नावसुद्धा विचारलं नाही!"

खिट्टी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माणसं आमची नाहीत, हे मी कसं सांगणार? पाटी तर आमचीच. तसंच आकड्यांची पेटी उचलून त्यांच्या घरी गेले, नवं कुलूप बसवलं, भोक बुजवलं. बाई थोड्या निवळल्या. मी नाही निवळले.

आता गंमत ऐक. आपलं डोमेन साधंसुधं नव्हे. ज्यांच्या शेवटी कुलूपवाल्यांची खूण असते ती नावं कोणालाही मिळत नाहीत. ज्याच्याकडे कारागीर संघाचं कार्ड आहे आणि जो वर्षात एक तरी काम स्वतःच्या हाताने करतो, त्यालाच पात्र धरतात. माणूस दाराबाहेर अडकलेला असतो, घाबरलेला असतो, त्याला कुणी गंडवू नये म्हणून केलेला नियम आहे तो. मग या ड्रिलवाल्यांना नाव मिळालंच कसं? कार्ड कुणाचं दाखवलं? मी कचेरीकडे लेखी विचारणा केली आहे.

तू तर याच धंद्यात आहेस. पडलेली नावं उचलायची आणि विकायची. तुला वास लागला असेल, कोणाचं काम आहे ते. भांडण भांडणाच्या जागी, पण बापाच्या नावाची गोष्ट आहे, एवढं शोधून दे.

आत्या


४ मार्च

कार्डधारक साहेबांस,

कचेरीचं उत्तर आलं. "सध्याचे धारक पात्र आहेत. संघाचे कार्ड तपासले आहे." आणि खाली धारकाचं नाव.

मी ते तीनदा वाचलं. मग झेरॉक्सवालीला वाचायला लावलं. ती म्हणाली, "मावशी, हे तर आपल्या खिट्टीचं." मी म्हटलं, हो, आपल्याच.

अठराव्या वर्षी दादाने तुला परीक्षेला बसवलं, तुला कार्ड मिळालं, त्या दिवशी तो गल्लीत सगळ्यांना थांबवून थांबवून सांगत होता. ते कार्ड तू याला वापरलंस? शाळेच्या बाईंच्या दारावर ड्रिल लागलं ते तुझ्या नावाखाली लागलं. आणि नाव सुटतंय ही बातमी तुला दिली कोणी? मीच. नऊ जानेवारीला. आशीर्वादासकट.

शेवटचं कुलूप कधी उघडलंस रे? आठवतं तरी का?

मी तक्रार केली, तर कार्ड लावून घेतलेलं नाव परक्यांच्या हाती दिलं म्हणून तू अपात्र ठरतोस. कार्ड कायमचं जातं. अर्ज लिहून ठेवला आहे. टाकलेला नाही. उत्तर दे.


१६ मार्च

खिट्टी,

उत्तर आलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. रागात असूनही बरं वाटलं, हे लपवत नाही.

तू लिहितोस, माझं पत्र तुला उशिरा मिळालं. त्याआधीच सुटलेल्या नावांच्या यादीत 'दारापाशी' दिसलं. दुसऱ्या कुणा दलालाच्या हाती लागण्यापेक्षा आपणच घ्यावं म्हणून स्वतःचं कार्ड लावून घेतलंस. पैसे तुझ्या कंपनीने भरले, आणि साहेबांनी ते परस्पर त्या ड्रिलवाल्यांना भाड्याने लावलं. हे मला निम्मं खरं वाटतं. तुझ्या बाबतीत माझी श्रद्धा नेहमीच निम्म्यावर असते. पण राखायला घेतलंस ना? मग लोकांची दारं फुटताना बघत काय बसलास? कुंपणानेच शेत खाल्लं की रे!

आता तुझे दोन तोडगे. पहिला, साहेबांकडून ते मला "घरच्या भावात" मिळवून देतोस. वा रे वा! माझ्याच भावाने उभं केलेलं नाव मी बाजारातून विकत आणू? आज मी घेतलं, की उद्या तुझे साहेब बेकरीवाल्याचं उचलतील, परवा दाईचं. चोराला गिऱ्हाईक मिळालं की चोरीचा धंदा होतो. नाही.

दुसरा तोडगा. नाव फक्त कार्डवाल्यालाच हस्तांतर करता येतं आणि माझ्याकडे कार्ड नाही, म्हणून तुझ्या मावसभावाच्या कार्डावर नाव टाकायचं, दुकान मी चालवायचं. कागद त्याचा, काम माझं. अरे, मग तुझ्यात आणि त्यात फरक काय? आजवर मी तेच तर करत आले. कार्ड दादाचं, हात माझा. दादाने मला कितीदा म्हटलं, परीक्षा दे. मी म्हणायची, मला कशाला कार्ड, तू आहेस ना. आता तो नाही. उसन्या नावावर जगायचा मला कंटाळा आला आहे.

तक्रार टाकली तर तू बुडतोस, आणि नाव पुन्हा मोकळं सुटतं. ते पहिल्या कार्डवाल्याच्या घशात जाईल, माझ्या नव्हे. म्हणजे तुलाही गेलं, मलाही गेलं. तेव्हा माझं ऐक.

तो फोन नंबर आज काढ. उद्या नाही, आज. धारक तू आहेस, त्या खात्याची किल्ली तुझ्या हातात आहे, साहेबाच्या नाही. तो ओरडेल. ओरडू दे.

मी परीक्षेला बसते. अर्ज भरून आले. संघाचा कारकून म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, कुलपाला माझं वय कळत नाही.

पास झाले तर नाव माझ्या कार्डावर करशील, एक पैसा न घेता. नापास झाले तर अर्ज टाकीन. तुझं कार्ड जाईल. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, तरी टाकीन. आणखी एकाही बाईच्या दाराला भोक पडू देणार नाही.

आत्या

ता.क. जेवतोस की नाही, ते अजून सांगितलेलं नाहीस.


११ एप्रिल

खिट्ट्या, गुलामा,

पास!

बस आधी. आता सगळं सांगते.

सर्वात आधी, नंबर काढलास ते पाहिलं. झेरॉक्सवालीने ओरडून मला बोलावलं. पडद्यावर नुसता निळा दरवाजा, खाली काही नाही. आणि तुझी ओळ मिळाली, "नोकरी गेली, बरं झालं." बरं झालं की नाही ते नंतर बोलू. पण त्या दिवशी मी दुकानात उगाचच गाणं म्हणत होते.

परीक्षेला जायच्या आधी कामाचा पुरावा लागतो. कागदोपत्री तर मी तीस वर्षांत एकही कुलूप उघडलेलं नाही, सगळीकडे दादाची सही. संघ म्हणाला, तीन गिऱ्हाइकं आणा. मी कोणाला सांगणार, म्हणून शाळेच्या बाईंकडे शब्द टाकला. त्या बाई काय चीज आहेत! परीक्षेच्या दिवशी संघाच्या जिन्यावर ही रांग. पुढे बाई, मागे बेकरीवाला, पोस्टमन, दाई, ज्याच्या मांजराला मी कपाटातून सोडवलं तो दंतवैद्य. कारकून म्हणाला, "तीन पुरेत, बाकीच्यांनी घरी जा." कोणी हललं नाही. बेकरीवाला म्हणाला, "आम्ही साक्ष द्यायला आलो, मोजायला नाही." माझे डोळे भरून आले आणि मी उगाच पिशवीत चष्मा शोधत बसले.

मग हॉल. टेबलामागे तिघे परीक्षक, मध्ये मिशीवाले अध्यक्ष. टेबलावर गंजलेली लोखंडी पेटी, तिला आतून बसवलेलं जुनं कुलूप. अध्यक्ष म्हणाले, "उघडा."

मी हात मागे बांधले. "कुणाची आहे?"

"परीक्षेची."

"परीक्षा सामान कुठे ठेवते? मालक कोण?"

"अहो बाई, ही नेहमीची पेटी आहे. सगळे हिच्यावरच परीक्षा देतात."

"आणि उघडली किती जणांनी?"

कारकुनाने जुनी नोंदवही चाळली. कोणीच उघडलेली नव्हती. जवळजवळ पोचला की पास, असा त्यांचा हिशेब! अध्यक्षांची मिशी हलायला लागली. "वेळ चाललाय तुमचा," म्हणाले. आता खरं सांगते. एकदा वाटलं, उघड गं बाई, कशाला शहाणपणा, इथे नाव अडकलंय, पोराचं कार्ड अडकलंय. पण भिंतीवर संघाचीच पाटी होती, ठळक अक्षरात: मालकी विचारल्याशिवाय हात लावू नये. मी नुसतं तिकडे बोट केलं. म्हटलं, "साहेब, ही पाटी उतरवा, मी पेटी उघडते. नाहीतर मालक सांगा."

मग जी धांदल उडाली! कारकून म्हणे शिपायाला विचारा, शिपाई म्हणे माझ्या आधीपासून आहे. शेवटी जाड भिंगवाले परीक्षक कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ही तर जुन्या चिटणीसांची." ते वारले होते. त्यांच्या बायकोला फोन लावला, फोन टेबलावर ठेवला. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ती पेटी अजून आहे होय? उघडा हो, उघडा! त्यात माझं काही निघालं तर पाठवून द्या, आणि त्यांचं काही निघालं तर तुम्हीच ठेवा."

वारसाची परवानगी मिळाली. मी स्टूल ओढलं, कान लावला. कुलूप हट्टी होतं, गंज खाऊन बसलेलं. दादा म्हणायचा, कुलपाशी भांडायचं नाही, त्याला कुठे दुखतंय ते शोधायचं. तिसरा लिव्हर दुखत होता. त्याला हळूच उचललं आणि पेटी कट् करून उघडली. जिन्यावरून टाळ्या! दाराला कान लावून उभे होते सगळे.

आत काय असेल? संघाचा शिक्का. जुना, पितळी. तो हरवला म्हणून चार अध्यक्षांनी एकमेकांवर आळ घेतला होता म्हणे. अध्यक्षांनी तो रुमालाने पुसला, माझ्याकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसले, आणि माझ्या कार्डावर पहिला ठसा त्याच शिक्क्याने मारला.

खिट्टी, कार्डावर माझं नाव आहे. कुणाची बहीण नाही, कुणाची आत्या नाही, नुसतं माझं. मी जिन्यावर बसून रडले. शाळेच्या बाई शेजारी बसून रडल्या. दंतवैद्यही रडला, त्याला काय झालं होतं कोण जाणे.

आता तुझी पाळी.

आत्या, कार्डधारक


२९ एप्रिल

चि. खिट्टी,

आलं! नाव आलं. तू पाठवलेला हस्तांतराचा कोड मी स्वतः एकेक अक्षर बघून टाकला. झेरॉक्सवाली घाई करत होती, मी म्हटलं थांब, किल्ली घासताना कानस दोनदा फिरवायची नसते. कचेरीने दोघांनाही विचारलं, मोबदला घेतला-दिला का? तू लिहिलंस, नाही. मी लिहिलं, नाही. कचेरीने कार्ड तपासलं, पात्र म्हटलं. त्या एका शब्दावर मी दिवसभर तरंगत होते.

निळ्या दरवाज्याखाली आता आपला नंबर आहे, आणि मी एक ओळ घातली आहे: "आल्यावर आधी विचारू, घर कुणाचं. राग मानू नका."

काल तुझ्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. काय गोड बोलतो रे! म्हणाला, नावाला चांगला भाव आहे, तुम्ही सांगाल तो देऊ. मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे कार्ड आहे?" म्हणाला, "कार्डाचं बघून घेऊ हो." मी म्हटलं, "बघून घेऊ नका, परीक्षा द्या. पेटी आम्ही देऊ." फोन ठेवला त्याने. शाळेच्या बाईंना सांगितलं तर त्या हसून हसून खोकल्या.

आता तुझं. तक्रारीचा अर्ज मी फाडला. पण नियम नियमच राहतो. वर्षात एक तरी काम स्वतःच्या हाताने, नाहीतर कार्ड मेलं. तुझं वर्ष मे महिन्यात संपतंय. नोकरी नाही, खोलीचं भाडं डोक्यावर, आणि अजून म्हणतोस "बघतो, सुचत नाही काय करू." अरे, सुचायचं काय त्यात? दादाचं स्टूल रिकामं आहे. त्याच्या ईमेलला मी अजून हात लावलेला नाही. वारस येईल तेव्हा उघडेल, मी तोंड फिरवून बसेन.

रागावले होते. आता नाही. ये.

आत्या


६ मे
(दुकानाच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी)

खिट्टी,

तुझी गाडी सकाळी पोचेल हे माहीत आहे. थांबणारच होते, पण बेकरीवाल्याने स्वतःला गोदामात कोंडून घेतलं आहे आणि फोनवरून आजूबाजूच्या सगळ्यांना शिव्या देतो आहे. जाणं भाग आहे.

दाराला दादाचं सात लिव्हरचं कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे, शेजारीपाजारी मागू नकोस. उघड तूच. चौथ्या लिव्हरला घाई केलीस तर सगळे खाली बसतील, मग पहिल्यापासून. उघडलंस तर या वर्षाचं तुझं काम झालं आणि कार्ड वाचलं, साक्षीला झेरॉक्सवाली आहे. नाही उघडलं तर पायरीवर बस, मी येतेच आहे. जेवण आत झाकून ठेवलंय, तेवढी घाई कर.

दादाने तुझ्यासाठी घडवलेले आकडे झेरॉक्सवालीकडे ठेवले आहेत. ते देण्याआधी ती तुला विचारेल, घर कुणाचं. तिला मी तसं शिकवून ठेवलंय. लाजू नकोस, अडखळू नकोस.

सांग, माझं.

आत्या